ब्लूजचा सोलो आणि गिटारची निगा

परदेशातील मराठी घरांत गिटार आता नवलाईची राहिलेली नाही. मुलांसाठी आणलेली किंवा विद्यार्थिदशेत हौसेने घेतलेली गिटार चाळिशीत पुन्हा हाती येते, तेव्हा अनेकांना ओढ असते ती ब्लूजची. मात्र दोन-तीन महिन्यांत बोटे दुखू लागतात, सूर जुळत नाहीत आणि वाद्य परत पेटीत जाते. दोष आपल्या वयाचा अथवा कानाचा आहे, अशी शिकणाऱ्याची समजूत होते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो गंजलेल्या तारांचा किंवा कोरड्या खोलीचा असतो. म्हणूनच सोलो वादन आणि वाद्याची निगा हे दोन विषय एकत्र समजून घेणे हिताचे ठरते.

बारा बारचे आवर्तन

ब्लूजचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजात, गुलामगिरीच्या अंतानंतरच्या दशकांत झाला. शेतातील हाका, श्रमगीते आणि चर्चमधील गायन यांतून तो घडला. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये केलेली ध्वनिमुद्रणे आजही शिकणाऱ्यांसाठी आधारभूत मानली जातात. १९४३ मध्ये मडी वॉटर्स मिसिसिपी सोडून शिकागोला आले आणि पुढे त्यांच्यासारख्या कलावंतांच्या हातून हे ग्रामीण संगीत विजेच्या गिटारवर शहरी झाले.

त्याचा सांगाडा साधा आहे. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. ‘ए’ या स्वरात वाजवायचे असल्यास पहिले चार बार ए-सेव्हन, पुढचे दोन डी-सेव्हन, पुन्हा दोन ए-सेव्हन, मग एक ई-सेव्हन, एक डी-सेव्हन आणि शेवटी दोन बार ए-सेव्हन. तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला समेचे भान असतेच. तेच भान येथे पहिल्या बारवर परतताना उपयोगी पडते. हे आवर्तन मनात पक्के होण्यापूर्वी सोलोला हात घालणे म्हणजे ठेका न ऐकता तान मारण्यासारखे आहे.

पाच स्वर आणि त्यांच्यामधील जागा

सोलोसाठी प्रथम मायनर पेंटॅटॉनिक ही पाच स्वरांची मालिका शिकवली जाते. भारतीय भाषेत ते स्वर सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. धानी रागाचे हेच स्वर. अर्थात स्वर सारखे असले तरी चलन वेगळे, हे विसरता येत नाही. ‘ए’ या स्वरात ही मालिका पाचव्या पडद्यापासून आठव्या पडद्यापर्यंत सहाही तारांवर बसते.

ब्लूजचा खरा रंग मात्र या स्वरांच्या मधल्या जागांत आहे. साथीचा ए-सेव्हन शुद्ध गंधार घेऊन येतो आणि सोलोतील गंधार कोमल असतो. वादक तो कोमल गंधार किंचित चढवून दोहोंच्या मध्ये ठेवतो. दोन्ही गंधारांचा जोग ऐकलेल्या रसिकाला या ओढीची कल्पना सहज येईल.

स्वर चढवण्याची क्रिया म्हणजे ‘बेंड’, सतारीवरील मींडीचीच भावंडे. त्याचा एक नेमका अभ्यास असा : तिसऱ्या तारेवर सातवा पडदा दाबावा, तो ‘डी’ आहे. ती तार वर ढकलून ‘ई’पर्यंत न्यावी. योग्य ‘ई’ कोणता, हे दुसऱ्या तारेचा पाचवा पडदा सांगतो. दोन्ही आवाज तंतोतंत जुळेपर्यंत हाच एक स्वर घोटावा. अनामिकेने ढकलताना मागची दोन बोटेही त्याच तारेवर आधाराला ठेवावीत आणि जोर मनगटातून द्यावा.

तिसरी गोष्ट विरामाची. ब्लूजमध्ये गायक ओळ गातो आणि उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. बी. बी. किंग यांचे वादन याच संवादाचा नमुना. आपले नातलग बुक्का व्हाइट यांच्या स्लाइड गिटारचा आवाज बोटांनी आणण्याच्या प्रयत्नातून त्यांचे प्रसिद्ध कंपन साकारले. शिकणाऱ्याने दोन बार वाजवून दोन बार थांबावे. जी ओळ गुणगुणता येत नाही, ती वाजवू नये.

निगा : तारा, खुंट्या आणि हवा

साध्या अकूस्टिक गिटारच्या तारा जाड असतात आणि तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते. तिच्यावर पूर्ण स्वराचा बेंड घेणे अनुभवी हातांनाही जड जाते. विजेच्या गिटारवर .००९ किंवा .०१० इंचाचा संच लावल्यास हीच क्रिया आटोक्यात येते.

तारा निस्तेज वाजू लागल्या, काळवंडल्या किंवा सूर धरेनाशा झाल्या की बदलाव्यात. एकेक तार बदलणे सोयीचे. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. नवी तार हलकेच ओढून ताणावी आणि पुन्हा सुरात आणावी. सूर नेहमी खालून वर चढवत जुळवावा. बेंडनंतर तार उतरत असेल आणि खुंटी फिरवताना ‘टिंग’ आवाज येत असेल, तर ती मानेच्या टोकावरील खाचेत अडकते आहे. तेथे पेन्सिलीचे शिसे घासणे हा जुना आणि स्वस्त उपाय. वादनानंतर कोरड्या फडक्याने तारा पुसल्यास त्यांचे आयुष्य वाढते.

सर्वांत मोठा धोका हवेचा. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात हिवाळ्यात हीटर लागला की घरातील हवा याहून फारच कोरडी होते. पडद्यांची टोके बोटांना टोचू लागणे ही पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढचा टप्पा तडा जाण्याचा. आखाती देशांत बाहेरची दमट हवा आणि आतील वातानुकूलन यांची उलथापालथ वाद्याला सोसावी लागते. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक आणि ओलावा देणारे साधन ठेवावे, पेटी बंद ठेवावी आणि उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीही सोडू नये.

मानेतील लोखंडी दांडा, म्हणजे ट्रस रॉड, तारांच्या ताणाने येणारा बाक सावरतो. तो एका वेळी पाव वळशाहून अधिक फिरवू नये. पडदे घासणे आणि खाचा कोरणे ही कामे जाणकार कारागिराकडेच द्यावीत.

नोकरी सांभाळून रोज अर्धा तास मिळत असेल, तर पाच मिनिटे सूर जुळवण्याला, दहा आवर्तनाच्या साथीला, दहा केवळ तीन स्वरांच्या सोलोला आणि उरलेली पाच स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकण्याला द्यावीत. आठवड्यातून एकदा आर्द्रतामापकावर नजर टाकली की पुढच्या हिवाळ्यातही गिटार वाजवण्याजोगी राहील.