कुकच्या सामुद्रधुनीखालची वीज

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पाणी भरपूर आणि माणसं थोडी. उत्तर बेटावर ऑकलंड, वेलिंग्टन आणि देशाची सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्या. दक्षिणेत वायटाकी नदीवर बेनमोर धरण झालं, ५४० मेगावॉटचं वीजघर उभं राहिलं. पण ही वीज जिथे हवी तिथे जाताना मध्ये कुकची सामुद्रधुनी आडवी येते, सोसाट्याच्या वाऱ्यांची आणि भरती-ओहोटीच्या दांडग्या प्रवाहांची.

आपल्या घरातली एसी वीज समुद्राखालून फार लांब नेता येत नाही. केबलची तार आणि बाहेरचं धातूचं आवरण मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो. एसीची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते. दर वेळी तो भरायचा, रिकामा करायचा, यातच केबलची ताकद खर्ची पडते. डीसीत तो एकदाच भरतो. शिवाय दोन्ही बेटांच्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी जुळवत बसावं लागत नाही.

१९६५ साली बेनमोर ते वेलिंग्टनजवळचं हेवर्ड्स अशी ६०० मेगावॉटची डीसी वाहिनी सुरू झाली. लांबी सुमारे ६१० किलोमीटर. समुद्राखाली त्यातले फक्त ४०. एसीचं डीसी करायला स्वीडनच्या असेआ कंपनीचे पाऱ्याचे व्हॉल्व होते. याच कंपनीने १९५४ मध्ये गोटलंड बेटाला डीसी वीज पोचवली होती, अवघी २० मेगावॉट. अकरा वर्षांत तीसपट झेप! हेवर्ड्स-बेनमोरचे ते व्हॉल्व २०१२ पर्यंत चालले. आता थायरिस्टर आहेत आणि क्षमता १२०० मेगावॉट. आपली चंद्रपूर–पडघे वाहिनीही याच कुळातली, पण सगळी जमिनीवरून.

मला मात्र १९७६ चा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. नियंत्रणयंत्रणा सुधारून वीज उलटीही पाठवता येऊ लागली. पाऊस दगा देतो, दक्षिणेची तळी खाली जातात, तेव्हा उत्तर बेट दक्षिणेला वीज देतं. एका बेटाच्या सोयीसाठी बांधलेली वाहिनी दोघांचा आधार झाली.

जपायचा आहे तो समुद्रातला टप्पा. तिथल्या संरक्षित पट्ट्यात नांगर टाकायला आणि मासेमारीला बंदी आहे. बोटीने, हेलिकॉप्टरने गस्त घातली जाते. आजच्या केबली १९९१ च्या, आयुष्य साधारण चाळीस वर्षांचं. २०३० नंतर लवकरच त्या बदलाव्या लागतील.