डबीतली कवळी

पंचवटीतल्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या, त्या कवळी डबीत घेऊनच. सूनबाई म्हणाल्या, "एवढे पैसे खर्चून केली, पण या घालतच नाहीत." आजी हळूच म्हणाल्या, "बोलताना ती उडते हो. लग्नाकार्यात पंगतीला बसायचंच सोडलंय मी."

घरच्यांना हा हट्ट वाटतो. पण दोष आजींचा नव्हता, कवळीच्या घडणीचा होता.

वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी. तिला टाळूचा आधार नाही, मध्ये जिभेची सतत हालचाल, आणि टेकायला जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी. शिवाय दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, खालचे तर वरच्यापेक्षा सुमारे चौपट. म्हणून खालच्या कवळीची कड किती लांब, दात जीभ आणि गाल यांच्या नेमके मध्ये आहेत का, उंची किती, यावर सारे अवलंबून असते. उंची कमी पडली तर हनुवटी नाकाकडे जाते, ओठांचे कोपरे चिरतात. जास्त झाली तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात.

आजींच्या कवळीची उंची जास्त होती आणि कडही लांब. नवी करताना मेणात बसवलेले दात तोंडात घालून मी त्यांना साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावले. 'एकसष्ट, बासष्ट' स्पष्ट आले, तेव्हाच कवळी पक्की केली. तुम्हीही हे करून पाहा. आरसा मागा, बोला. बदल करायचा तो त्याच वेळी.

२००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवावी, असे सुचवले. ती फारशी हलत नाही, पण खर्च बराच वाढतो. ज्यांना तो झेपत नाही, त्यांच्यासाठी साधी कवळी नीट घडवणे अधिकच महत्त्वाचे.

एक मात्र सांगतो. कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असतो. सुरुवातीला मऊ खा, छोटे घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, आणि वर्षातून एकदा तपासून घ्या.

महिन्याने आजी आल्या. "आमटीत कुस्करून भाकरी खाते. शेंगदाणे काही जमत नाहीत," म्हणाल्या. मग हसल्या, तोंडावर पदर न धरता.