आजारपणाचा खर्च कुणाच्या खिशातून?

रोगाचे निदान सांगितले की माझ्या दवाखान्यात नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, खर्च किती येईल?" या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी निराळे आहे.

अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते. तरीही तेथे दोन कोटींहून अधिक लोकांना विमा नाही आणि सरासरी आयुर्मान जपानपेक्षा कमी आहे. थायलंड काही धनाढ्य देश नव्हे. पण २००२ साली त्याने करांच्या पैशातून सर्वांसाठी उपचारांची सोय केली. आज तेथे एकूण आरोग्यखर्चापैकी रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे हाच वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता; २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी, पण दागिने गहाण टाकून बिल भरणारे अजून भेटतात.

तात्पर्य, पैसा किती यापेक्षा तो आजारापूर्वी सर्वांकडून जमतो की आजारात एकट्याकडून, हे महत्त्वाचे. वाचकहो, रेशनकार्ड व आधारकार्ड तयार ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना जवळच्या कोणत्या रुग्णालयात चालते, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.