शेजारी जोहरा, पण भट्टीसारखी

सर्वांत तप्त ग्रह कोणता, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात ‘बुध’ म्हणतात. चुलीच्या जवळ बसेल तो जास्त तापेल, हा घरातला हिशेब. इथे मात्र तो चुकतो.

बुध, म्हणजे उर्दूतला उतारिद, दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रात्री उणे १८० पर्यंत गारठतो. अंगावर हवेचे पांघरूण जवळजवळ नाहीच, मग ऊब टिकणार कशी? त्याच्या ध्रुवांजवळच्या ज्या खड्ड्यांत ऊन कधीच पोहोचत नाही, तिथे चक्क बर्फ आहे.

शुक्र, आपली जोहरा, सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट अंतरावर. तरीही तिथे रात्रंदिवस ४६० अंशांच्या आसपास उष्णता. शिसे वितळावे इतकी. याचे कारण तिथली हवा. तिच्यात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तिचा दाब आपल्या नव्वदपट. हा वायू ऊन आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. पहाटे जिच्याकडे आपण कौतुकाने पाहतो, ती शुक्राची चांदणी चमकते तीही गंधकाच्या तेजाबाच्या ढगांमुळे! १९८२ साली सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरले. सपाट, फरशीसारख्या खडकांची रंगीत छायाचित्रे त्याने पाठवली आणि १२७ मिनिटांत ते गप्प झाले. अर्ध्या तासासाठी बनवलेल्या यंत्राने एवढा वेळ तग धरला, हेच आम्हाला विशेष वाटते.

मंगळावर, म्हणजे मिर्रीखवरही, हवेत ९५ टक्के हाच वायू. पण ती हवा इतकी विरळ, की तिचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून तिथे कडाक्याची थंडी, आणि एकेकाळी पाणी वाहिलेल्या नद्यांची पात्रे कोरडी पडलेली.

मग पृथ्वीचा कार्बन गेला कुठे? शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तो शुक्राइतकाच आहे, फक्त हवेत नाही. पावसाने आणि समुद्राने तो हवेतून ओढून घेतला आणि कोट्यवधी वर्षांत त्याची चुनखडी झाली. भिंतीला लावायचा चुना आपण तिच्यापासूनच बनवतो. भट्टीत ती भाजली की कोंडलेला वायू सुटून परत हवेत जातो. सिमेंटच्या कारखान्यांत हे रोज घडते.