रात्रीच्या गल्लीत ध्रुव शोधताना

ओरिएन्टिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठाणी शोधत धावण्याचा खेळ. त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. खेळ मूळचा जंगलातला. पण काही देशांतील क्लब तो रात्री शहराच्या रस्त्यांवरही खेळतात.

जालन्यात तो मांडायचा, तर पहिली अडचण होकायंत्राची. येथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळलेली नाही, हे खरे. पण विजेच्या लोखंडी खांबापाशी सुई बहकतेच. मग ध्रुवतारा पाहावा. जालन्याचे अक्षांश सुमारे २०° उत्तर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तितकाच वर. हात ताठ धरला, तर मूठ साधारण १०° व्यापते. म्हणजे दोनच मुठी! स्वीडनमध्ये तो छपरांच्या पुष्कळ वर असतो. आपल्याकडे मात्र सात मीटर उंचीचे घर त्याला झाकते, आणि तो दिसण्यासाठी पंधरा मीटर मागे सरावे लागते. जुन्या जालन्याच्या बोळात एवढी जागा कुठली?

पण यातच गंमत आहे. दोन्ही बाजूंना सलग दुमजली घरे असूनही बोळातून ध्रुव दिसला, तर तो बोळ जवळजवळ दक्षिणोत्तरच असला पाहिजे. नकाशावरच्या पूर्व-पश्चिम गल्ल्या तेथेच बाद!

सुरुवात कुंडलिकेजवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानावरून करावी. मुलांना जोडीने, चालतच पाठवावे. रहदारीच्या रस्त्यावर ठाणे नको. ठाण्याजवळच्या इमारतींची उंची दिवसाच मोजून घ्यावी. तीतून डोळ्यांची उंची वजा करून पावणेतीनने गुणले, की किती मागे सरायचे ते कळते.