नोरीच्या शेतीला तळ्यातला गाळ!

सुशी ज्यात गुंडाळतात ती नोरी म्हणजे पापडासारखं वाळवलेलं समुद्री शेवाळ. त्यालाही खत लागतं बरं का!

जपानच्या सेतो समुद्रात १९७३च्या कायद्यानंतर सांडपाण्याला आळा बसला. पाणी निवळलं, पण पुढे नायट्रोजनही घटला. तो कमी पडला की तिथलं काळंभोर शेवाळ पिवळट पडतं आणि भाव कोसळतो.

मग याच समुद्रातल्या आवाजी बेटावरचे मच्छीमार चक्क शेतकऱ्यांच्या तळ्यांत उतरतात, तळाचा गाळ ढवळतात आणि ते गढूळ, पोषक पाणी समुद्राकडे सोडतात. शेतकऱ्यांचं तळंही साफ होतं. (आपण गाळ शिवारात नेतो, हे दर्यात!)

२०२१मध्ये तर कायदाच बदलला. आता तिथलं प्रशासन योजना आखून समुद्राला पोषकद्रव्यं पुरवू शकतं.