'ब्रह्मचारी' : हसावे की रागवावे?

"मी लग्नच करणार नाही!" असे छातीठोकपणे सांगणारा तरुण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. घरात त्याच्या निश्चयाचे कौतुक थोडे आणि थट्टाच फार होते. हीच थट्टा १९३८ साली हंस पिक्चर्सने 'ब्रह्मचारी' या बोलपटात पडद्यावर आणली. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, नायिका मीनाक्षी.

कथा तशी साधी. औदुंबर ब्रह्मचर्यावरचे एक जोरदार व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. भिंतीवरची नट्यांची चित्रे उतरतात, व्यायाम सुरू होतो, संसाराचे नाव काढायचे नाही असे ठरते. तोच किशोरी येते आणि या गड्याला आपलासा करायचे मनावर घेते. पुढे काय होणार हे आपल्याला कळते. कळत नाही ते एकट्या औदुंबराला. सारी गंमत तिथे आहे.

बोलपट लोकांनी उचलून धरला, पण गहजबही झाला. एका गाण्यात मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात दिसली. मराठी पडद्याला हे नवे होते. कुणी अश्लील म्हणून बोट ठेवले, तर कुणी म्हणाले, "अहो, ढोंगाची टोपी उडवली, यात बिघडले काय?" खरे म्हणजे दोघांचे बोलणे एकाच गोष्टीविषयी नव्हते. एकाची नजर पोशाखावर होती, दुसऱ्याची व्याख्यानबाजीवर.

रागावणाऱ्यांना नुसते सोवळे म्हणून मोडीत काढणेही बरोबर नाही. त्या काळी देशकार्यासाठी अविवाहित राहिलेली माणसे होती. त्यांच्या व्रताला कुणी हसावे, हे जिव्हारी लागणारच. मग अत्रे व्रताला हसत होते काय? मला तसे वाटत नाही. १९२५ साली 'झेंडूची फुले' लिहिणारा हा विडंबनकार उसन्या आवेशावर नेमके बोट ठेवी. आणि पुढे १९५३ साली याच अत्र्यांनी 'श्यामची आई' हा चित्रपट केला. मूळ पुस्तक साने गुरुजींचे. गुरुजी जन्मभर अविवाहित राहिलेले. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. खऱ्या त्यागापुढे हा विनोदी लेखक नम्र होऊ शकत होता, याला आणखी पुरावा कशाला हवा?

किशोरीचेही श्रेय द्यायला हवे. मुलगी 'दाखवण्याच्या' त्या काळात ही मुलगी आपला नवरा आपणच निवडते, आणि निवडून गप्प बसत नाही!

तरीही एक आक्षेप उरतोच. सुंदर मुलगी समोर आली की निश्चय ढासळणारच, हे या बोलपटाने गृहीत धरले आहे. ज्याला किंवा जिला मनापासून एकटे राहायचे आहे, त्या माणसाला या कथेत जागा नाही. विनोदाची ही मर्यादा मान्य करावी लागते.

तेव्हा 'ब्रह्मचारी' पाहण्याचा योग आला, तर मोकळेपणाने हसा. मात्र घरी परतल्यावर, आपल्या नात्यातला एखादा अविवाहित काका किंवा आत्या भेटली, तर औदुंबराचे हसू त्यांच्यावर काढू नका. औदुंबराने निश्चय व्याख्यानातून उचलला होता. त्यांचा निश्चय कदाचित त्यांचा स्वतःचा असेल.